समुद्रातील पखाली

मन्नारच्या आखातात तुतिकोरिनच्या परिसरातील पाणबुडे पिढ्यानपिढ्या समुद्रतळावरून शंख वर काढत आले आहेत. या शंखांपैकी काहींच्या पाठीवर मुठीएवढा, गुलाबी झाक असलेला चामट गोळा चिकटलेला असतो. त्याला ना डोके, ना डोळे, ना पाय. वर दोन आखूड नळ्या आणि त्यांच्या टोकांना दोन तोंडे, एवढाच काय तो आकार. गोळा हातात धरून दाबला तर पाण्याची चिळकांडी उडते आणि तो आक्रसून लहान होतो. पाहणाऱ्याला वाटावे, ही एखाद्या समुद्रवनस्पतीची गाठ असावी, किंवा फार तर कवच गमावलेला शिंपला. प्रत्यक्षात तो यांपैकी काहीच नाही. प्राणिशास्त्राच्या आजच्या मांडणीनुसार मासा, बेडूक, कबुतर आणि माणूस ज्या पृष्ठवंशी कुळात मोडतात, त्या कुळाचा हा गोळा सर्वांत जवळचा आप्त आहे. ज्या शंखावर तो बिऱ्हाड करून राहतो, त्या शंखातला जीव मात्र गोगलगाईच्या कुळातला, म्हणजे आपल्यापासून फारच दूरचा.

या गोळ्याचे शास्त्रीय नाव हर्डमानिया. लिव्हरपूलचे प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. ए. हर्डमन यांच्या सन्मानार्थ ते देण्यात आले. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या जगप्रसिद्ध सफरीत गोळा झालेल्या अशा प्राण्यांचा अभ्यास हर्डमन यांनी केला होता, आणि पुढे १९०२ मध्ये सिलोनच्या मोत्यांच्या मत्स्यक्षेत्रांची पाहणी करण्यासाठी ते या समुद्रात आले होते. भारतातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकलेल्या अनेकांची हर्डमानियाशी ओळख झालेली असते. १९३६ मध्ये लखनौच्या प्रबंधमालेत एस. एम. दास यांनी त्याच्या शरीररचनेचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून भारतीय पाठ्यपुस्तकांत त्याने आपली जागा पक्की केली. दुर्दैवाने ही ओळख बहुधा फॉर्मलिनच्या बरणीतल्या फिकट नमुन्यापुरतीच राहते. त्या नमुन्यात आपलाच आप्त दडला आहे, हे परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिले जाते, पण सहसा मनाला भिडत नाही.

हर्डमानिया ज्या गटात मोडतो त्या गटाला ॲसिडियन म्हणतात. हे नाव चामड्याच्या लहान पिशवीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले. मराठीत त्याला पखाल हा शब्द अगदी नेमका बसतो: चामडी पिशवी, आत पाणी, आणि ते सोडायला तोंड. ॲसिडियन आणि त्यांचे मोकळ्या समुद्रात तरंगणारे भाईबंद मिळून जो मोठा संघ होतो त्याला कंचुकधारी प्राणी असे नाव आहे. अंगावर कंचुक, म्हणजे अंगरख्यासारखे आवरण, असणे ही त्यांची खूण. आजवर त्यांच्या सुमारे ३,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्या सर्व समुद्रातच राहतात, गोड्या पाण्यात एकही नाही.

कंचुकाचा विचार प्रथम करावयास हवा, कारण येथेच पहिले आश्चर्य आहे. १८४५ मध्ये कार्ल श्मिट यांनी या आवरणाचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा त्यात सेल्युलोज निघाले. सेल्युलोज हा कापसाचा आणि लाकडाचा घटक. वनस्पतींच्या पेशीभित्ती त्याच्याच बनतात. प्राण्याच्या अंगावर तो सापडावा ही त्या काळी अनपेक्षित गोष्ट होती, आणि स्वतः सेल्युलोज तयार करणारे प्राणी म्हणून कंचुकधारी आजही एकटेच आहेत. हे कसब त्यांच्याकडे आले कोठून, याचे उत्तर जनुकांच्या अभ्यासातून मिळाले. सेल्युलोज बनविणारे त्यांचे जनुक जीवाणूंच्या जनुकाशी जुळते. अतिप्राचीन काळी एखाद्या जीवाणूचे हे जनुक त्यांच्या पूर्वजाच्या वारशात मिसळले आणि तेथेच टिकले, असे मानण्यास त्यामुळे भक्कम आधार आहे. थोडक्यात, हा अंगरखा उसन्या सुताचा आहे. शिवाय तो निर्जीव नाही. त्यात पेशी हिंडतात, काही जातींत रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, आणि प्राणी वाढतो तसा तोही वाढतो.

कंचुकाच्या आत उभ्या पिशवीसारखे शरीर असते आणि त्या शरीराचा मोठा भाग एकाच अवयवाने व्यापलेला असतो. तो म्हणजे ग्रसनी, अर्थात घसा. ॲसिडियनचे आयुष्य म्हणजे घशाचे आयुष्य, असे म्हटले तरी चालेल. ग्रसनीची भिंत शेकडो बारीक फटींनी चाळणीसारखी झालेली असते. फटींच्या कडांवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. या पक्ष्माभिका एका लयीत हलत राहतात आणि त्यांच्या ओढीने वरच्या तोंडातून पाणी आत येते, चाळणीतून पार होते, आणि बाजूच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. याच बाहेर जाणाऱ्या प्रवाहात विष्ठा, अंडी आणि शुक्राणूही सोडून दिले जातात. पाण्यातील सूक्ष्म वनस्पती व जीवाणू हे अन्न, आणि ते धरण्यासाठी वापरले जाणारे जाळे श्लेष्म्याचे, म्हणजे शेंबडासारख्या चिकट पदार्थाचे. हे जाळे अखंड विणले जाते, ग्रसनीच्या आतल्या भिंतीवरून सरकत जाते, आणि अन्नासकट त्याची दोरी वळून पोटात जाते. एकाच जागी बसून, काहीही न शोधता, काहीही न पकडता हा प्राणी जेवतो.

जाळे विणणारी ग्रंथी ग्रसनीच्या तळाशी लांब पन्हळीसारखी असते. तिला एंडोस्टाइल म्हणतात. समुद्राच्या पाण्यातील आयोडीन ती स्वतःत बांधून घेते. लॅम्प्रे नावाच्या जबडा नसलेल्या आदिम माशाच्या पिल्लाला अशीच ग्रंथी असते, आणि पिल्लू मोठे होताना तिचेच रूपांतर गळ्यातील अवटू ग्रंथीत होते. हिमालयाच्या पायथ्याशी आयोडीनच्या अभावी ज्या ग्रंथीला सूज येऊन गलगंड होत असे, आणि जिच्यासाठी आज मिठात आयोडीन मिसळले जाते, तिचा प्राथमिक नमुना समुद्रातल्या पखालीत श्लेष्मा विणत बसलेला आहे.

ॲसिडियनचे हृदय म्हणजे एक साधी नळी. ती काही वेळ एका दिशेने रक्त ढकलते, क्षणभर थांबते, आणि मग उलट दिशेने ढकलू लागते. मघाची धमनी आता नीला होते. हा प्रकार १८२० च्या दशकाच्या आरंभी डच निसर्गवैज्ञानिक फान हासेल्ट यांनी साल्प नावाच्या तरंगत्या कंचुकधाऱ्यांत प्रथम पाहिला. रक्तातही एक नवल आहे. १९११ मध्ये नेपल्स येथे मार्टिन हेन्त्से यांना एका ॲसिडियनच्या रक्तपेशींत व्हॅनेडियम हा धातू आढळला. समुद्राच्या पाण्यात व्हॅनेडियम नाममात्र असते. पण ॲसिडिया जेम्माटा या जातीच्या रक्तपेशींत त्याचे प्रमाण पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे एक कोटी पट भरते. पोलाद कठीण करण्यासाठी कारखान्यात वापरला जाणारा हा धातू प्राणी एवढ्या खटाटोपाने का साठवतो, यावर अनेक तर्क लढविले गेले. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्यासाठी, हा पूर्वीचा तर्क टिकला नाही. शत्रूला चव नकोशी वाटावी म्हणून, हा तर्क अजून चर्चेत आहे.

अशा प्राण्याला कोणत्या कुळात घालायचे? ॲरिस्टॉटलने या प्राण्यांचे वर्णन केले आहे, आणि ते वनस्पतींच्या सीमेवरचे आहेत हे त्याच्या लक्षात आले होते. पुढे दीर्घकाळ त्यांची गणना कवच नसलेल्या शिंपल्यांत होत राहिली. दोन तोंडे आणि पाणी गाळून खाण्याची पद्धत शिंपल्यातही असते, त्यामुळे ही समजूत अगदीच अनाठायी नव्हती. १८१६ मध्ये लामार्क यांनी त्यांना शिंपल्यांपासून वेगळे काढून कंचुकधारी हे नाव दिले. मात्र वेगळे म्हणजे नेमके कोणाजवळचे, हा प्रश्न उरलाच. प्रौढ प्राण्याकडे कितीही काळ पाहिले असते तरी तो सुटला नसता.

तो सोडविला अलेक्सांद्र कोव्हालेव्हस्की या तरुण रशियन भ्रूणवैज्ञानिकाने. ॲसिडियनच्या अंड्यातून लहान, शेपटीवाला, बेडकाच्या पिल्लासारखा दिसणारा डिंभ बाहेर पडतो, हे त्याआधीही काहींनी पाहिले होते. कोव्हालेव्हस्कींनी या डिंभाची घडण पेशी-पेशीने न्याहाळली आणि १८६६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. डिंभाच्या शेपटीत एक लवचीक दांडा होता. त्या दांड्याच्या वरच्या अंगाला पोकळ मज्जातंतूंची नळी होती, आणि ती भ्रूणाच्या पाठीवरची त्वचा दुमडून तयार होत होती. दांडा म्हणजे पृष्ठरज्जू. माणसाच्या भ्रूणातही तो असतो. त्याच्याभोवती पुढे पाठीचा कणा उभा राहतो. पाठीवरची पोकळ मज्जानलिका, तिच्याखाली पृष्ठरज्जू, घशाला फटी आणि गुदद्वाराच्या मागे शेपूट: या एकत्रित खुणा शिंपल्यांत कधीच आढळत नाहीत. पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात मात्र त्या असतातच.

या शोधाने मोठी खळबळ उडाली. भ्रूणविज्ञानाचे वयोवृद्ध अध्वर्यू फॉन बेअर यांना तो पटला नाही, आणि १८७३ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध लेखही लिहिला. डार्विन यांनी मात्र १८७१ च्या आपल्या मानववंशावरील ग्रंथात त्याचे मनापासून स्वागत केले. त्याच ग्रंथाच्या एका तळटीपेत, १८३३ च्या एप्रिलमध्ये फॉकलंड बेटांवर आपण स्वतः असे पोहणारे डिंभ इतरांच्या कित्येक वर्षे आधी पाहिले होते, असे ते थोड्या अभिमानाने नमूद करतात. पाहणे आणि ओळखणे यांत किती अंतर असते, हे या तळटीपेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

सायोना नावाच्या ॲसिडियनवर आज जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालते, त्यामुळे त्याचा डिंभ विशेष तपशिलाने माहीत झाला आहे. तो जेमतेम एक मिलिमीटर लांब असतो. फलनानंतर एका दिवसाच्या आत तो अंड्यातून बाहेर येतो. त्याच्या संपूर्ण शरीरात सुमारे २,६०० पेशी असतात आणि पृष्ठरज्जूत बरोबर ४०. मध्यवर्ती मज्जासंस्थेत १७७ मज्जापेशी असून त्यांची परस्परांशी असलेली प्रत्येक जोडणी २०१६ मध्ये नकाशाबद्ध झाली. पुढच्या भागात दोन काळे ठिपके दिसतात: एक प्रकाश ओळखणाऱ्या डोळ्याचा, दुसरा वर-खाली कोठे हे सांगणाऱ्या तोलकणाचा. या इवल्याशा मेंदूला एकच काम नेमून दिलेले आहे, ते म्हणजे बसण्यासाठी जागा निवडणे. डिंभ काहीही खात नाही. अंड्यातून मिळालेली शिदोरी संपण्यापूर्वी त्याला हे काम उरकायचे असते. आरंभी तो वरच्या दिशेला पोहतो, नंतर प्रकाशाकडे पाठ फिरवून एखाद्या खडकाची, धक्क्याची किंवा शंखाची सावलीची बाजू गाठतो, आणि डोक्यावरच्या तीन चिकट गाठींनी स्वतःला तेथे डकवतो.

मग रूपांतरण सुरू होते. शेपूट शरीरात ओढून घेतली जाते, पृष्ठरज्जूच्या पेशी मोडतात, डोळा आणि तोलकण नाहीसे होतात. आतले अवयव जवळजवळ पाव वळसा फिरतात, तोंड वर येते, ग्रसनीत फटी वाढत जातात. थोड्याच दिवसांत तेथे एक छोटी पखाल उभी असते आणि ती पुन्हा कधी पोहत नाही.

‘ॲसिडियन स्वतःचा मेंदू खाऊन टाकतो’ असे गमतीने सांगण्याची पद्धत आहे. वाक्य चटकदार आहे, पण नेमके नाही. डिंभाच्या मज्जासंस्थेचा मोठा भाग विरघळतो हे खरे. परंतु त्याच जागी प्रौढ प्राण्यासाठी नवी मज्जागुच्छिका तयार होते. तीच दोन्ही तोंडे मिटण्या-उघडण्याचे नियंत्रण करते. सायोनाच्या शरीरातून ही गुच्छिका शस्त्रक्रियेने काढून टाकली, तर काही आठवड्यांत ती पुन्हा उगवते. मेंदू गमावून तो नव्याने वाढविणे पृष्ठवंशी प्राण्यांपैकी कोणाला इतक्या सहजतेने जमत नाही.

शेपूट, डोळा व पृष्ठरज्जू टाकून देणाऱ्या या प्राण्याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक कठोर मत रूढ झाले. नेपल्सच्या सागरी संशोधनकेंद्राचे संस्थापक आंटोन डोर्न यांनी १८७५ मध्ये, आणि ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रे लँकेस्टर यांनी १८८० मध्ये असे मांडले की ॲसिडियन हे ऱ्हासाचे उदाहरण होय: माशासारख्या उन्नत पूर्वजाचे हे अधोगत वंशज. लँकेस्टर तर त्यातून मानवी संस्कृतींनाही इशारा देऊ पाहत होते. १९२८ मध्ये वॉल्टर गार्स्टँग यांनी नेमकी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते पूर्वजच बैठे होते. त्यांच्यातील एखाद्या डिंभाने खाली बसायचे नाकारले, पोहता पोहताच तो वयात आला, आणि त्याच्यापासून पृष्ठवंशीयांची परंपरा निघाली. ही कल्पना इतकी आकर्षक होती की कित्येक पाठ्यपुस्तकांत ती जवळजवळ वस्तुस्थिती म्हणून छापली गेली.

या वादाला पुढे जनुकविज्ञानाने कलाटणी दिली. वाळूत स्वतःला पुरून घेणारा, माशासारखा दिसणारा अँफिऑक्सस हाच पृष्ठवंशीयांचा निकटतम आप्त, असे दीर्घकाळ मानले जात होते. २००२ मध्ये सायोनाचा जीनोम वाचला गेला. त्यात सुमारे १६,००० जनुके निघाली. २००६ मध्ये फ्रेदेरिक देल्स्युक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४६ जनुकांची तुलना करून दाखविले की निकटतम आप्ताचा मान अँफिऑक्ससचा नसून कंचुकधाऱ्यांचा आहे. दिसायला माशाजवळचा तो नात्याने दूरचा निघाला, आणि पखाल जवळची. अँफिऑक्ससची शाखा आधीच वेगळी झाली असल्याने, आणि तो मोकळेपणी पोहत असल्याने, तिघांचा सामाईक पूर्वज बैठा असण्याचा संभव कमी झाला. म्हणजे गार्स्टँग यांची मनोहर कल्पना मागे पडली आणि काही अंशी डोर्न यांचे म्हणणे खरे ठरले: कंचुकधाऱ्यांनी बरेच काही टाकून दिले आहे. शरीराच्या पुढच्या-मागच्या भागांची आखणी करणाऱ्या हॉक्स जनुकांपैकी काही त्यांच्यात उरलेलीच नाहीत, आणि जी उरली त्यांची रांग विस्कटलेली आहे.

तरीही ऱ्हास हा शब्द येथे अन्यायाचा आहे. जे टाकले ते नव्या जीवनक्रमात निरुपयोगी होते. जे राखले, म्हणजे घसा, ते त्यांनी कमालीचे परिपूर्ण केले. अमेरिकेतील युटा राज्यातल्या सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून मेगासायफॉन नावाचा एक जीवाश्म २०२३ मध्ये वर्णिला गेला. त्यात दोन नळ्या असलेली पखाल जवळजवळ आजच्याच घाटाची आहे. डायनोसॉर आले आणि गेले, तोवर या घाटात फारसा बदल करण्याची गरज पडलेली नाही.

आतापर्यंत एकेकट्या ॲसिडियनचा विचार झाला. असंख्य जाती मात्र वसाहत करून राहतात. एका डिंभापासून एक प्राणी होतो, त्याला मुकुल फुटतो, मुकुलापासून दुसरा, आणि असे शेकडो जीवक एकाच कंचुकात नांदतात. बोट्रायलस या वसाहतीत प्रत्येकी दोन-तीन मिलिमीटरांचे जीवक चांदणीच्या आकारात मांडलेले असतात. प्रत्येकाचे पाणी घेण्याचे तोंड स्वतंत्र, पण सोडण्याचे तोंड मधोमध सामाईक. सर्वांचे रक्त एकाच वाहिन्यांच्या जाळ्यातून फिरते. साधारण दर आठवड्याला एका पिढीचे सर्व जीवक एकाच वेळी कोमेजतात आणि त्यांचे अंश रिचवून त्यांच्या कुशीतले मुकुल त्यांची जागा घेतात.

अशा दोन वसाहती वाढता वाढता एकमेकींना भिडल्या की पुढे काय घडते, याचा बारकाईने अभ्यास जपानमध्ये ओका आणि वातानाबे यांनी १९५० च्या दशकात केला. कधी त्यांच्या रक्तवाहिन्या जुळतात आणि दोहोंची एक वसाहत होते. कधी शिवेवर काळसर डाग पडतात, पेशी मरतात आणि दोघी विलग राहतात. निर्णय एका जनुकस्थानावर अवलंबून असतो. तेथील दोन प्रतींपैकी निदान एक सारखी असली तर मीलन, अन्यथा नकार. दुसऱ्याचे मूत्रपिंड माणसाचे शरीर स्वीकारते की झिडकारते, हा जो शस्त्रवैद्यकाचा कूटप्रश्न, त्याचेच हे साधे रूप समुद्रातल्या खडकावर घडत असते. नकाराची ही व्यवस्था उगाच नाही. मीलन झालेल्या वसाहतीत एका जोडीदाराच्या मूलपेशी रक्तातून दुसऱ्याच्या जननग्रंथींत शिरतात आणि तेथे स्वतःचीच बीजे तयार करतात. दुसरा खपतो, पोसतो. संतती मात्र पहिल्याची. घराची दारे सख्ख्यांपुरतीच उघडी ठेवण्यात कोणता हिशेब आहे, ते यावरून कळून येते.

आपपरभाव जाणण्याची ही जात वसाहतींपुरती नाही. बहुतेक ॲसिडियन उभयलिंगी असतात, तरी सायोनाची अंडी त्याच प्राण्याच्या शुक्राणूंना सहसा थारा देत नाहीत. पुढे फळमाशीवरील संशोधनासाठी विख्यात झालेले टी. एच. मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी यावर प्रयोग केले होते.

ॲसिडियन तळाला खिळलेले. त्यांचे तरंगते भाईबंद मात्र महासागरभर पसरलेले आहेत. पायरोसोमा म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या पोकळ नळीच्या आकाराची वसाहत. तिचे जीवक नळीच्या भिंतीत रोवलेले असतात. प्रत्येक जण बाहेरून पाणी घेतो आणि आत सोडतो, आणि त्या सर्वांच्या उच्छ्वासावर ही नळी सावकाश पुढे सरकते. रात्री स्पर्श होताच ती निळसर-हिरव्या जीवदीप्तीने उजळते. तिच्या नावाचा अर्थच अग्निदेह. काही जातींच्या वसाहती दहा मीटरांहूनही लांब होतात.

साल्प हे काचेच्या लहान पिंपासारखे पारदर्शक जीव. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरातही त्यांचे थवे आढळतात. १८१५ ते १८१८ या काळात ‘रूरिक’ या रशियन जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे आडेलबर्ट फॉन शामिसो यांनी त्यांच्यातील एक विलक्षण गोष्ट हेरली. एकटा साल्प मुकुलनाने साल्पांची साखळी प्रसवतो. साखळीतला प्रत्येक साल्प पुन्हा एकटाच साल्प प्रसवतो. आई आणि मूल कधी सारखे नसतात. साम्य असते ते आजी आणि नातीत. १८१९ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळांनी ते खरे मानले नाही. शामिसो कवी होते आणि स्वतःची सावली विकणाऱ्या माणसाची त्यांची गोष्ट तेव्हा गाजत होती, त्यामुळे ही दुसरी कल्पित कथा असावी असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. पण निरीक्षण अचूक होते आणि पिढ्यांच्या आलटापालटीचे ते प्राण्यांतले पहिले स्पष्ट उदाहरण ठरले. मुकुलनाच्या या वेगामुळे अन्न विपुल असेल तेथे साल्पांची संख्या अचानक अफाट वाढते. २०१२ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅनियन अणुवीजकेंद्राच्या पाणी घेण्याच्या जाळ्यांत ते इतके साठले, की तेथील एका अणुभट्टीचे काम थांबवावे लागले.

सर्वांत छोटे पण कारागिरीत सर्वांत वरचढ म्हणजे ऑइकोप्ल्यूरा आणि त्याचे सोबती. हे कधीच रूपांतरण करीत नाहीत. शेपूट, पृष्ठरज्जू जन्मभर सांभाळतात. काही मिलिमीटरांचा हा जीव आपल्या त्वचेतून सेल्युलोज आणि प्रथिने स्रवून स्वतःभोवती जाळीदार खिडक्यांचे फुग्यासारखे घर उभारतो, आत शेपूट हलवून पाणी खेळते ठेवतो, आणि जाळ्या तुंबल्या की घर टाकून नवे फुगवतो. दिवसातून कित्येक घरे तो अशी बांधतो. त्याचे सगळे आयुष्य पाच-सहा दिवसांचे, आणि जीनोम जेमतेम सात कोटी अक्षरांचा. याच्या कुळातील बाथोकॉर्डियस मॉन्टेरे उपसागराच्या खोल पाण्यात राहतो. त्याचे घर मीटरभर रुंदीचे असू शकते. टाकून दिलेली घरे, त्यांत अडकलेल्या अन्नासकट, तळाकडे बुडत जातात. खोल समुद्रातल्या अंधारात जगणाऱ्या कितीतरी जीवांचे पोट वरून येणाऱ्या या उष्ट्यावर भरते, आणि पाण्यातला कार्बनही त्याबरोबर खाली जातो.

माणसाशी कंचुकधाऱ्यांचा संबंध अनेक वाटांनी येतो. जपानमध्ये ‘होया’ आणि कोरियात ‘मोंगे’ या नावाने एक लालसर ॲसिडियन आवडीने खाल्ला जातो. उत्तर जपानच्या मियागी किनाऱ्यावर दोरांवर त्याची शेती होते. २०११ च्या त्सुनामीत ती वाहून गेली. काढणीला येण्यास त्याला तीन वर्षे लागतात. शेतकऱ्यांनी ती पुन्हा उभी केली, परंतु अणुदुर्घटनेनंतर दक्षिण कोरियाने २०१३ मध्ये त्या भागातील मासळीची आयात बंद केली आणि मुख्य गिऱ्हाईकच गेले. चिलीत ‘पिउरे’ हा खडकासारखा दिसणारा ॲसिडियन बाजारात विकला जातो. भारताच्या किनाऱ्यांवर मात्र त्यांना खाण्याची रूढी नाही.

जहाजमालक आणि कालवांची शेती करणारे यांचे त्यांच्याविषयीचे मत निराळे आहे. बंदरातील धक्के, जहाजांचे तळ, मोत्यांच्या कालवांचे पिंजरे, जेथे जागा मिळेल तेथे डिंभ बसतात. डिंभाचे पोहणे काही तासांचे, त्यामुळे स्वतःच्या बळावर तो दूर जाऊ शकत नाही. जहाजाच्या तळाला चिकटून मात्र तो महासागर ओलांडतो. वायव्य पॅसिफिकमधील स्टायेला क्लाव्हा ही जात १९५३ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथजवळ आढळली, आणि पुढे कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर शिंपल्यांच्या शेतीवर तिने चांगलेच संकट आणले.

औषधांच्या बाबतीत या प्राण्यांचे महत्त्व सर्वांत अलीकडचे आहे. पळता न येणाऱ्या, मऊ अंगाच्या जीवाला स्वतःचा बचाव करायचा तर रसायनांखेरीज दुसरा उपाय फारसा नसतो. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या बुडालेल्या मुळांवर एक्टिनासिडिया टर्बिनाटा या नारिंगी ॲसिडियनचे झुबके लोंबतात. त्याचा अर्क कर्कपेशींची वाढ रोखतो, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिसून आले; परंतु त्यातील द्रव्य इतके अल्प होते की त्याची रासायनिक रचना प्रसिद्ध होण्यास १९९० उजाडले. ग्रॅमभर औषधासाठी सुमारे टनभर प्राणी लागतील असा अंदाज होता. त्या हिशेबाने खारफुटी ओरबाडून काढली असती तरी रुग्णांची गरज भागली नसती. अखेर स्पेनमध्ये एका निराळ्याच जीवाणूपासून मिळणाऱ्या द्रव्याला रासायनिक प्रक्रियांनी घडवून ते तयार करण्याची रीत बसविण्यात आली. ट्रॅबेक्टेडिन या नावाने ते मृदू ऊतींच्या कर्करोगावर २००७ मध्ये युरोपात आणि २०१५ मध्ये अमेरिकेत संमत झाले. यथावकाश असेही आढळले, की मूळ द्रव्य ॲसिडियन स्वतः बनवीतच नाही; ते त्याच्या शरीरात वस्तीला असलेला एक सूक्ष्म जीवाणू बनवितो. तो आपल्या यजमानाशी इतका बांधला गेला आहे की स्वतंत्रपणे जगण्यासाठी लागणारी कित्येक जनुके त्याच्याजवळ उरलेली नाहीत.